ठाण्यात कुठे खायचं, कुठे बसायचं, काय उचलायचं: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

ऑफिसातले, घोडबंदरला नव्याने राहायला आलेले, पुण्याहून लग्नाला येणारे, सगळे तेच तेच विचारतात आणि मी प्रत्येकाला वेगळा व्हॉइस मेसेज पाठवत बसतो, म्हणून एकदाच लिहून टाकतोय. मी नौपाड्यातला, त्यामुळे स्टेशन, तलावपाळी, जांभळी नाका, पाचपाखाडी हा पट्टाच जास्त येणार. वर्तकनगर, लोकमान्यनगरवाल्यांनी रुसू नये, तुम्ही तुमची लिस्ट करा.

एकच जागा सांग जिथे गेलंच पाहिजे.

किती वाजता जाणार ते आधी सांगा. खरंच. जुन्या ठाण्यातली बरीचशी ठिकाणं एका पदार्थाची आणि त्या पदार्थाच्या वेळेची आहेत, सकाळी नऊला जी जागा स्वर्ग असते तिथे दुपारी चारला गेलात तर पोऱ्या टेबलं पुसत असतो आणि उरलेलं काहीतरी समोर आणून ठेवतो, मग तुम्ही घरी जाऊन एक स्टार देता. मॅपवरचे स्टार बघून लोक इथे फसतात ते यामुळेच, स्टार देणारा कधी गेला होता ते कुठे लिहिलेलं असतं? म्हणून खालच्या उत्तरांमध्ये पत्त्यापेक्षा वेळ नीट वाचा.

बरं, सकाळी.

सकाळी मामलेदारची मिसळ. तहसीलदार कचेरीजवळ, 1952 पासून आहे, नावच त्या कचेरीवरून पडलं. आता हे काही आडवाटेचं राहिलेलं नाही, सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालंय, पण ठाण्याची यादी करायची आणि हे वगळायचं म्हणजे उगाच शहाणपणा. तीन प्रकारात मिळते, कमी तिखट, मीडियम आणि तिखट, आणि इथलं मीडियम हे बाहेरच्या जगातलं चांगलंच तिखट असतं हे लक्षात ठेवा. पहिल्यांदा जाणाऱ्याने कमी तिखट घ्यावी, ताक आधीच सांगून ठेवावं, आणि समोरच्या खुर्चीवर अनोळखी माणूस येऊन बसला तर दचकू नये, टेबल शेअर करावंच लागतं. गप्पा मारत तासभर बसायची जागा नाही ही. खा, हात धुवा, उठा, मागे लोक उभे आहेत. रविवारी सकाळी दहानंतर जायचा हट्ट करणाऱ्यांबद्दल मला काही बोलायचं नाही.

मिसळ झेपत नाही मला. दुसरं?

मग रेल्वे ओलांडून पूर्वेला जा, कोपरीत. पश्चिमेतले अर्धे लोक कोपरीला फक्त लग्नाच्या हॉलसाठी जातात, पण फाळणीनंतर आलेली सिंधी मंडळी तिथे वसली आणि त्यांचा नाश्ता अजून तिथे टिकून आहे. दाल पकवान मागा. मैद्याचं कडक कुरकुरीत पकवान, सोबत हरभऱ्याच्या डाळीची जाडसर डाळ, वर चिंचेची चटणी, हिरवी चटणी, कच्चा कांदा. पकवान मोडायचं, डाळ उचलायची, झालं. पण हे सकाळचंच. अकराला गेलात तर पकवान नरम पडलेलं मिळेल, दुपारी गेलात तर मिळणारच नाही. कोणत्या दुकानात म्हणाल तर ज्या गाडीसमोर पांढऱ्या केसांचे काका पेपर वाचत उभ्याने खातायत तिथे थांबा.

वडापाव कुणाचा बेस्ट? गजानन की कुंजविहार की राजमाता?

हा प्रश्न घरात विचारू नका, आमच्याकडे यावरून जेवणं अर्धी राहिलीत. माझं मत हवं असेल तर ही तुलनाच चुकीची आहे, तीन वेगवेगळ्या भुका आहेत. नौपाड्यातल्या गजाननला लोक वड्यापेक्षा त्या बेसनाच्या पिवळ्या पातळ चटणीसाठी जातात, वडा संपतो तरी माणूस कागदावरची चटणी बोटाने पुसत उभा असतो. स्टेशनबाहेरचा कुंजविहारचा वडा आकारानेच मोठा, एक खाल्ला की डोंबिवलीपर्यंतचा उभ्याने प्रवास निभावतो. राजमाता आवडणारे लोक दुसरं काही ऐकूनच घेत नाहीत, त्यांना समजवायला जाऊ नये.

आणि एक, वडा तळणीतून निघताना घ्यायचा. परातीत ढीग रचलेला दिसला तर पाच मिनिटं थांबा, पुढचा घाणा येऊ द्या. गाडीवाला "गरमच आहे" म्हणणारच, त्याचं ते कामच आहे.

घरच्यासारखं मराठी जेवण, पण जरा नीट बसून?

घंटाळीला मेतकूट आहे, पाहुणे आले की आम्ही तिकडेच नेतो, कारण थालीपीठ, अळूचं फदफदं, वालाचं बिरडं असलं सगळं एका जागी मिळतं आणि ज्याला यातलं काहीच माहीत नाही त्यालाही मेन्यू वाचून सांगता येतं. शनिवार-रविवार वेटिंग असतं, साडेसातला जा, साडेनऊला नको.

पण खरी गंमत म्हणाल तर पोळीभाजी केंद्रं. नौपाडा, चरई, पाचपाखाडी, गल्लीगल्लीत आहेत, एखाद्या बिल्डिंगच्या तळमजल्याला खिडकीएवढं दुकान, बाहेर फळ्यावर खडूने आजच्या भाज्या. नोकरी करणाऱ्या बायकांचं अर्धं ठाणं यांच्यावर चालतं आणि याच्यावर कोणी रील करत नाही. संध्याकाळी सहा ते साडेसात. साडेसातनंतर फक्त फ्लॉवर-बटाटा उरतो, हा निसर्गनियम आहे. चतुर्थीला उकडीचे मोदक, पण ते आदल्या दिवशी सांगून ठेवायचे, ऐनवेळी मागितलेत तर काकू वरपासून खालपर्यंत बघतात. श्रावणात पुरणपोळी, संक्रांतीला गुळपोळी. खरवस दिसला तर विचार न करता उचला, चिकाचं दूध रोज येत नाही.

सीकेपी जेवण कुठे मिळेल? फार ऐकलंय.

कोणाकडे तरी ओळख काढा. सीकेप्यांची (चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंची) घरं ठाण्यात भरपूर, पण त्यांचं जेवण हॉटेलात जमत नाही कारण ते करायला वेळ लागतो आणि खाणारा लगेच संपवतो. सोड्यांची खिचडी, कोलंबीची खिचडी, वालाचं बिरडं, निनावं. ऑर्डरवर करून देणाऱ्या बायका आहेत, त्यांचे नंबर लोक सोन्यासारखे जपतात आणि मीही इथे देणार नाही. सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, दोन दिवस आधी सांगा, डबा स्वतः घेऊन जा.

मासे? हॉटेल नको, विकत घ्यायचेत.

इथे मी जरा लांबण लावणार आहे.

ठाणं हे खाडीचं गाव हे लोक विसरलेत. चेंदणी कोळीवाडा स्टेशनला अगदी चिकटून आहे, रेल्वे आली (16 एप्रिल 1853 ला पहिली गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली ते शाळेत शिकलोच आपण) आणि त्या रुळांनी कोळीवाड्याचे पूर्व-पश्चिम दोन तुकडे केले. खाडीतली मासेमारी आता पूर्वीसारखी राहिली नाही, पाण्याची काय हालत आहे ते कळवा पुलावरून जाताना नाकालाच कळतं. तरी बाजारात खाडीचं काहीतरी येतं, आणि पापलेट-सुरमईच्या पलीकडे बघायची इच्छा असेल तर तेच विचारायचं. बोय, जिताडा, निवट्या, चिंबोऱ्या, खुबे. जिताडा महाग पडतो पण एकदा खाऊन बघा, आगरी घरांत जावई आला की जिताडा, ती त्याची पायरी. निवट्या बघून बऱ्याच जणांचा धीर सुटतो, चिखलात उड्या मारणारा मासा तो, दिसायला काही देखणा नाही, पण आंबट-तिखट कालवणात लागतो मस्त.

कधी जायचं: सकाळी लवकर. आणि सोमवार, गुरुवार, मंगळवार, चतुर्थी, असे वार पाळणारे खूप असल्यामुळे त्या दिवशी माल कमी आणि घासाघीस जास्त चालते. कोळणीशी भाव करताना "मावशी" म्हणा, आवाज चढवू नका, कल्ला बघायला मागा पण नाक मुरडून नको. एकीशी बांधलेलं गिऱ्हाईक झालात की दोन महिन्यांनी ती स्वतःच सांगते, "आज नको घेऊ, उद्या ये." हे वाक्य मिळवायला वेळ लागतो.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते, तेव्हा ताज्या पापलेटचा हट्ट धरला तर बर्फातलं किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरचं खाल. त्या दिवसांत सुकं. मे महिन्यातच भरून ठेवायचं, सुके बोंबील, सोडे, जवळा, बांगडा. सोडे घेताना हातात घेऊन बघा, ओलसर लागले तर सोडा, मीठ जास्त मारलेलं असतं वजनासाठी. आणि पिशव्या दोन न्या नाहीतर रिक्षावाला उतरवेल.

नारळी पौर्णिमेनंतर परत ताजं सुरू, पण तोवर तुमचा श्रावण चालू असेल तर तुमचं तुम्ही बघा. न पाळणाऱ्यांसाठी श्रावणात मासे बरेचदा स्वस्त मिळतात, हे मोठ्याने बोलायचं नसतं.

पावसात भजी सोडून काय?

रानभाज्या! आणि त्यासाठी कुठल्या दुकानात जायचं नाही. येऊरच्या पाड्यांतून, शहापूर-मुरबाडकडून आदिवासी बायका पहाटेच्या गाडीने येतात आणि स्टेशनजवळ, गावदेवीला, जांभळी नाक्याला फुटपाथवर छोटे छोटे वाटे लावून बसतात. पहिला पाऊस पडायच्या जरा आधी शेवळं येतात, जांभळट तपकिरी उभे कोंब. ती आणलीत तर सोबत काकडं (काकडी नव्हे, छोटी आंबट फळं) मागून घ्या, बाई बहुतेक स्वतःच देते, कारण शेवळाला खाज असते आणि काकडाचा आंबटपणा ती मारतो. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, नीट चिरायचं, तेलात भरपूर परतायचं. कोलंबी घालून केलेली शेवळं जून महिन्यात जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात, ज्याला मिळाली तो वर्षभर सांगत बसतो.

मग टाकळा, कुर्डू, फोडशी, भारंगी, कंटोळी. भारंगी कडू असते, उकडून पिळून घ्या. काही कळलं नाही तर त्याच बाईला विचारा, दोन वाक्यांत रेसिपी सांगते आणि ती यूट्यूबपेक्षा बरी निघते. सकाळी आठच्या आत. आणि दहा रुपयांसाठी यांच्याशी घासाघीस करू नका, मॉलमध्ये ब्रोकोलीचा भाव करता का?

आता मेन प्रश्न. बसायला कुठे?

कळला, याचसाठी पान उघडलं होतंत.

ठाण्यात बसायच्या जागा साधारण तीन थरांत आहेत. वरचा थर घोडबंदर आणि मॉलच्या आजूबाजूचा, तिथे कॉकटेलमध्ये धूर येतो, डीजे असतो, आणि बोलायचं असेल तर व्हॉट्सॲप करावं लागतं. चांगलं आहे, वाढदिवसाला जा. खालचा थर देशी दारूचं दुकान आणि क्वार्टर बार, तिथे मी कोणाला पाठवत नाही. मधला थर म्हणजे परमिट रूम, आणि माझा जीव तिथे आहे.

परमिट रूम म्हणजे शेट्टी मंडळींनी चालवलेली, खाली नॉन-एसी, वर किंवा मागे एसी, दोन्हीकडचे भाव वेगळे. लाइट मंद, फिश टँक असलाच तर त्यात एकच मोठा कंटाळलेला मासा. नावं देत नाही, कारण नाव दिलं की चार महिन्यांत तिथे निऑन लाइट लागतो आणि चखना बंद होतो. ओळखायची कशी ते सांगतो. बसल्या बसल्या न मागता काय येतं ते बघा. उकडलेले शेंगदाणे किंवा चणे, वर कांदा-टोमॅटो-लिंबू, सोबत काकडी-गाजर, आणि संपलं की परत, तर जागा चांगली. नुसता पापड आणि तोही बिलात, तर एक पेग संपवून उठा. दुसरं, किचन मंगलोरी असेल तर मेन्यूतलं पनीर-बिनीर सोडून द्या आणि बोंबील रवा फ्राय, चिकन घी रोस्ट, नीर डोसा मागा. कधीकधी मेन्यूत नसतं पण स्टाफसाठी भात आणि माशाची आमटी केलेली असते, ओळखीच्या वेटरला हळूच विचारायचं.

वेळ: मंगळवार-बुधवारी संध्याकाळी सात. शुक्रवारी नऊला गेलात तर अख्खी कंपनीची सेल्स टीम शेजारी असते आणि कोणीतरी रडत असतो. गुरुवारी बाजू रिकामी मिळते, बरेच लोक वार पाळतात म्हणून.

बायका किंवा एकटी मुलगी गेली तर चालेल का परमिट रूमला?

कायद्याने अर्थातच चालेल, पण कायदा काय म्हणतो हा तुमचा प्रश्न नाहीये हे मला माहितेय. माझी बहीण आणि तिच्या मैत्रिणी जातात, त्यांचं म्हणणं असं की एसी सेक्शन किंवा ज्याला फॅमिली रूम म्हणतात तिथे बसावं, आत शिरल्यावर आधी एखादं कुटुंब जेवताना दिसतंय का बघावं, आणि लेडीज टॉयलेटला कडी आहे का ते ऑर्डर द्यायच्या आधी तपासावं. शेवटचा मुद्दा ऐकून मी गप्पच बसलो, आपण पुरुष याचा कधी विचारच करत नाही. "ऑर्केस्ट्रा" अशी पाटी असेल तर ती वेगळी गोष्ट आहे, तिकडे जेवायला जात नाहीत.

परमिट खरंच लागतो का?

कागदोपत्री हो. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो, एक दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा, एक दिवसाचा 5 रुपयांत मिळतो. म्हणून तर परमिट रूम हे नाव. बिअर आणि वाइनसाठी वय 21, बाकी हार्ड ड्रिंकसाठी 25. चेहरा कोवळा असेल तर आधार कार्ड ठेवा खिशात.

ड्राय डे लक्षात ठेवा, 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, अनंत चतुर्दशी, आणि निवडणूक असली की मतदान संपायच्या आधीचे 48 तास. ठाण्यात निवडणुका काय कमी नसतात. आदल्या संध्याकाळी वाइन शॉपबाहेरची लाइन बघून परदेशी पाहुण्याला वाटेल रेशन वाटतायत. फक्त बिअर हवी असेल तर बिअर शॉपीत जा, तिथे लाइन छोटी असते.

बिल एवढं कसं आलं?

दारूवर जीएसटी नाही, व्हॅट लागतो, आणि बारमधल्या दारूवरचा व्हॅट नोव्हेंबर 2023 पासून 5 चा 10 टक्के झाला. जेवणावर जीएसटी वेगळा, म्हणून बिलात दोन भाग दिसतात, कधी कधी दोन वेगळी बिलंच येतात. सर्व्हिस चार्ज लावला असेल तर तो सक्तीचा नाही, काढा म्हणा, आणि मग वाचलेल्यातले वेटरच्या हातात द्या. पाण्याची बाटली न सांगता फोडली असेल तर ती तुमचीच, पहिल्याच मिनिटाला "साधं पाणी" म्हणायचं.

येऊरला रात्री बसायला जाऊया का?

नको. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, वर एअर फोर्सचं स्टेशन आहे, आत पाडे आहेत जिथे लोक झोपलेले असतात, आणि बिबट्या काही तुमचं संगीत ऐकायला येत नाही. सकाळी साडेसहाला चालत जा, खाली उतरून उपवनला चहा प्या, बास.

दारू न पिणारे मित्र आहेत. संध्याकाळ कशी काढायची?

तलावपाळी. साडेसहाला या. मासुंदा तलावाला एक चक्कर, नंतर पाणीपुरी किंवा गोळा, मग गडकरी रंगायतनला कुठलं नाटक लागलंय ते बघा, तिकीट मिळालं तर आत, नाही मिळालं तर परत तलाव. नाटकाच्या मध्यंतरातला बटाटावडा हा वेगळा पदार्थ आहे, बाहेर कितीही चांगला वडा मिळू दे, मध्यंतरात ढकलाढकलीत मिळवलेल्याची चव त्याला नाही. चाट जरा निवांत आणि स्वच्छ हवं असेल तर पाचपाखाडीचं प्रशांत कॉर्नर, तिथून मिठाईही उचलता येते, सणाच्या आदल्या दिवशी मात्र त्या रस्त्यावरूनसुद्धा जाऊ नका.

रमजानमध्ये मोहम्मद अली रोडला जायचं का ठाण्यातच काही आहे?

राबोडी आहे ना. स्टेशनपासून रिक्षाने जवळ, आणि मोठं पोट असेल तर मुंब्रा. संध्याकाळी इफ्तार होऊन जाऊ द्या, रोजा सोडणाऱ्यांच्या गर्दीत आपण प्लेट घेऊन उभं राहू नये, नऊनंतर जा. सीख कबाब, नल्ली निहारी, मालपुवा. मालपुव्याला अर्धा सांगा, अख्खा एकट्याने संपवणारा मी अजून पाहिला नाही.

दुकानं सांग. मॉल सोडून.

कपडे असतील तर राममारुती रोड आणि गोखले रोड, सगळ्यांना माहितेय, पुढे.

जांभळी नाका हे माझ्यासाठी खरं दुकान. कौपिनेश्वर मंदिराच्या आसपासच्या त्या चिंचोळ्या रस्त्यांत भाजी, फुलं, पूजेचं सामान, पत्रावळ्या, पितळेची भांडी, दोरखंड, मातीचे माठ, केरसुण्या, जे ऑनलाइन शोधायला योग्य शब्दच सुचत नाही ते सगळं मिळतं. "ते हे असतं ना, असं गोल" म्हणून हाताने दाखवलंत तरी दुकानदार पोटमाळ्यावरून काढून देतो. दिवाळीच्या आधी कंदील, पणत्या, उटणं. नवरात्रात टेंभी नाक्याची देवी असते तेव्हा तिकडचे रस्ते बंद असतात, त्या नऊ दिवसांत तिथे खरेदी काढू नका. दुपारी दोन ते चार बरीच जुनी दुकानं अर्धं शटर ओढून झोपतात, पुण्यालाच फक्त नावं ठेवू नका.

मसाला कुठून आणता तुम्ही?

आणत नाही, करून घेतो. मार्च-एप्रिलपासून मिरच्यांची पोती दुकानाबाहेर लागायला लागतात, बेडगी रंगाला, संकेश्वरी आणि लवंगी तिखटपणाला, काश्मिरी फोटोला. मिरच्या आणि खडा मसाला घ्यायचा, गच्चीत दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं, भाजायचं आणि डंकावर कुटून आणायचं. डंक सुरू असेल त्या गल्लीत शिरलात की पहिल्यांदा शिंक येते मग डंक दिसतो. तिथे नंबर लावून समोरच बसायचं, उठून गेलात तर आपली मिरची कोणाच्या डब्यात गेली कळत नाही, असं माझी आजी म्हणायची आणि शेजारच्या बाईकडे बघत म्हणायची. मेच्या शेवटी जाऊ नका, ढग आले की मिरची वाळत नाही आणि मग सगळं ठाणं एकदम डंकावर येतं.

ज्यांना हा उद्योग नको त्यांनी आगरी-कोळी मसाला घरून विकणाऱ्या बायका शोधाव्यात. आणि ठाण्यात ईस्ट इंडियन ख्रिश्चन घरं आहेत, त्यांचा बाटली मसाला कोणी दिला तर नाही म्हणू नका, वीस-पंचवीस जिन्नस असतात त्यात आणि जुन्या पद्धतीत तो बिअरच्या रिकाम्या बाटलीत ठासून भरतात. बाटली कुठून येते तो प्रश्न वरच्या उत्तरांमध्ये सुटलाय.

आंबे वाशी मार्केटमधून आणणं परवडतं का?

एकट्याला नाही. चार घरं मिळून परवडतं. ठाण्याच्या 9-10 नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्सहार्बर लोकल पकडा, तुर्भ्याला उतरा, फळबाजारात पहाटेच पोचा. तिथे पेटीच्या भाषेत बोलतात, आंब्याच्या आकाराप्रमाणे एका पेटीत चार ते आठ डझन बसतात. गुढीपाडव्याला भाव विचारून घरी यायचं, खरेदी मेच्या मध्यावर करायची. 2018 पासून हापूस हे नाव भौगोलिक मानांकनाने कोकणातल्या जिल्ह्यांचंच आहे, त्यात आपला ठाणे जिल्हाही येतो, पण पेटीवर देवगड छापलंय म्हणून आतला आंबा देवगडचा असेलच असं नाही. एक कापून दाखवायला सांगा. साल पातळ आणि गर केशरी हवा, पिवळट गर आणि जाड साल निघाली तर तो कर्नाटकचा असायची शक्यता जास्त, खायला वाईट नसतो पण मग भाव हापूसचा देऊ नका. परतताना साडेआठ नंतरच्या गाडीत पेटी घेऊन चढायचा प्रयत्न करू नका, टेम्पो किंवा रिक्षा चौघांत पडते.

पुस्तकं?

विकत हवी तर नौपाड्यात मराठी पुस्तकांची दुकानं आहेत, रद्दीवाल्यांकडेही नशीब काढून बघा, सोसायट्या रीडेव्हलपमेंटला गेल्या की आजोबांची कपाटं थेट तिथेच येतात. आणि मराठी ग्रंथसंग्रहालयाचं सभासद व्हा, 1893 मधली संस्था आहे, तिथे दुकान म्हणून नाही तर दुपारच्या त्या मधल्या दोन तासांसाठी जायचं जेव्हा सगळी दुकानं झोपलेली असतात.

रात्री बारा नंतर भूक लागली तर?

स्टेशन. भुर्जीपाव, सायकलवरचा चहा, चायनीज भेळ. भुर्जी डबल सांगा आणि पाव तव्यावर दाबून. जास्त चौकश्या करू नका.

दिवाळीत यायचा प्लॅन आहे, चालेल ना?

पहिल्या अंघोळीच्या सकाळी राममारुती रोड आणि तलावपाळीला अख्खं तरुण ठाणं नटून येतं, ज्याला त्याला जुने मित्र आणि जुनी प्रकरणं भेटतात. बघायला या. खायचं काही मिळेल ही अपेक्षा ठेवू नका, पोटभर फराळ करून निघा.

गाडी कुठे लावू?

घरी.